विश्लेषण : सिंकखालचे कचरा दळणारे यंत्र बदलापूरच्या घरात बसवावे का?

सकाळची लोकल पकडण्यासाठी घर बंद करून निघालेल्या कुटुंबाची आणि घंटागाडीची भेट होतेच असे नाही. मग ओल्या कचऱ्याचा डबा ओट्याखाली दुसऱ्या दिवसापर्यंत तसाच राहतो. पावसाळ्यात त्यावर चिलटे जमतात, उन्हाळ्यात वास सुटतो. कल्याणच्या पुढे, बदलापूरसारख्या नोकरदारांच्या शहरात ही रोजची गोष्ट आहे. त्यामुळे मॉड्युलर किचन करून घेताना दुकानदार ‘फूड वेस्ट डिस्पोजर’ दाखवतो तेव्हा तो मोह पाडतो. बटण दाबले की उरलेसुरले अन्न सिंकमधूनच गायब, डबाही नको आणि वासही नको. मात्र कचरा गायब होत नसतो, तो फक्त डब्यातून पाइपमध्ये जातो. पुढे त्या पाइपला काय जोडलेले आहे, यावर हे यंत्र बसवावे की नाही, हे ठरते.

हे यंत्र नेमके काय करते?

सिंकच्या भोकाखाली लटकणारे हे एक नळकांडे असते. वरच्या भागात दळण्याची पोकळी आणि खालच्या भागात मोटर. घरगुती यंत्रांची मोटर साधारण अर्ध्या ते एक अश्वशक्तीची असते. अनेकांना वाटते तशी आत मिक्सरसारखी धारदार पाती नसतात. एक तबकडी वेगाने फिरते, तिच्यावरचे दोन बोथट लोखंडी लोळे अन्नाचे तुकडे बाहेरच्या बाजूला भिरकावतात आणि कडेच्या खरखरीत कड्यावर घासून त्यांचा चुरा होतो. किसणीवर नारळ किसावा तसेच काहीसे. चुरा पुरेसा बारीक झाला की तो पाण्याबरोबर कड्याच्या फटींतून खाली उतरतो आणि सांडपाण्याच्या नळीत जातो. पाणी नसेल तर चुरा पुढे सरकतच नाही, म्हणून नळ चालू ठेवल्याशिवाय हे यंत्र वापरता येत नाही.

अमेरिकेत शोध, न्यूयॉर्कमध्ये बंदी

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात रॅसीन नावाचे गाव आहे. तिथल्या जॉन हॅम्स या वास्तुरचनाकाराने १९२७ मध्ये हे यंत्र तयार केले. १९३५ मध्ये त्याला पेटंट मिळाले आणि १९३८ मध्ये ‘इन-सिंक-इरेटर’ ही कंपनी उभी राहिली. ही कंपनी आजही आहे. अमेरिकेतील अनेक घरांत हे यंत्र आता सवयीचे झाले आहे.

पण तिथेही सगळे सरळ नव्हते. न्यूयॉर्क शहराच्या मोठ्या भागात या यंत्रांवर अनेक वर्षे बंदी होती. त्या भागात पावसाचे पाणी आणि मैलापाणी एकाच गटारातून वाहते. जोराचा पाऊस झाला की ते न शुद्ध होताच नदीत जाते, त्यात दळलेल्या अन्नाची भर नको, अशी भूमिका होती. प्रत्यक्ष प्रयोग करून परिणाम तपासल्यानंतर १९९७ मध्ये बंदी उठली. स्वीडनमधील सुरहम्मार या छोट्या नगरपालिकेने तर उलट वाट धरली. तिने १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून रहिवाशांना हे यंत्र बसवण्यास उत्तेजन दिले. कारण तिथल्या सांडपाणी केंद्रात गाळापासून बायोगॅस तयार होतो. यंत्र दोन्हीकडे तेच. फरक गटाराचा आणि त्याच्या टोकाला असलेल्या केंद्राचा.

ओट्याखाली काय काय बदलावे लागते?

जाहिरातीत यंत्र दहा मिनिटांत बसते. आपल्याकडच्या ओट्याखाली तसे क्वचितच होते.

पहिली अडचण भोकाची. बहुतेक डिस्पोजर साडेतीन इंच, म्हणजे सुमारे ९० मिलिमीटर भोकाच्या सिंकसाठी बनवलेले असतात. अलीकडच्या, मोठ्या जाळीच्या सिंकना हे भोक असते. पण दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या इमारतींत बिल्डरने बसवलेल्या साध्या स्टीलच्या सिंकचे भोक बरेच लहान असते. ते कापून मोठे करता येते, पण पत्रा पातळ असेल तर कापल्यावर कडा वाकते आणि वॉशर नीट बसत नाही. अशा वेळी सिंकच बदलावे लागते. सिंक ग्रॅनाइटखाली सिलिकॉनने चिकटवलेले असेल तर आणखी एक प्रश्न असतो. यंत्राचे पाच-सात किलो वजन आणि त्याचा रोजचा थरथराट हे सांधे किती काळ पेलतील? खालून आधाराची पट्टी मारून घेणे बरे.

दुसरी अडचण जागेची. यंत्र साधारण एक ते सव्वा फूट उंच असते. सिंकची खोली आणि ही उंची मिळून ओट्याखालचा अर्ध्याहून अधिक भाग जातो. तिथली ट्रॉली, कचऱ्याचा डबा किंवा फिनेलच्या बाटल्या हलवाव्या लागतात. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची नको असलेल्या पाण्याची बारीक नळी बहुतेक घरांत सिंकच्याच पाइपमध्ये खोचलेली असते. डिस्पोजर बसवताना ती काढली जाते आणि पुन्हा कुठे जोडायची, हे प्लंबरला आयत्या वेळी सुचते. आधीच विचारलेले बरे. भांडी धुण्याचे यंत्र डिस्पोजरला जोडायचे असेल तर त्याच्या बाजूच्या तोटीत एक प्लास्टिकचे बूच असते, ते ठोकून काढावे लागते. ते विसरले की भांड्यांच्या यंत्राचे पाणी बाहेर पडायला वाटच राहत नाही.

तिसरी गोष्ट उताराची. डिस्पोजरचे पाणी बाजूच्या तोटीतून बाहेर पडते आणि ही तोटी सिंकच्या तळापासून बरीच खाली असते. भिंतीतल्या किंवा जमिनीतल्या सांडपाण्याच्या नळीचे तोंड तिच्यापेक्षा वर असेल तर पाणी पोकळीत साचून राहते. मग त्याला अशी दुर्गंधी येते की डबाच बरा होता, असे वाटावे. सिंकखाली आडवी, घडीची लवचिक नळी वापरण्याची आपल्याकडे सवय आहे. तिच्या प्रत्येक घडीत चुरा अडकतो. तिच्या जागी आतून गुळगुळीत पीव्हीसी नळी, कमीत कमी वळणे आणि स्वच्छ करता येईल असा ट्रॅप हवा.

चौथी गोष्ट विजेची आणि तिच्यावर तडजोड नको. पाणी आणि वीज एकाच खणात येतात, त्यामुळे पक्के अर्थिंग आणि गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी असायलाच हवा. शुद्धीकरण यंत्राच्या सॉकेटमध्ये मल्टीप्लग लावून काम भागवू नये. ओट्यावर ओल्या हाताने दाबायचा साधा स्विच टाळता येतो. अनेक मॉडेल्ससोबत हवेच्या दाबावर चालणारे बटण मिळते. ते दाबले की बारीक नळीतून फक्त हवेचा दाब खाली जातो, ओट्यावर वीज येतच नाही.

या सगळ्याचा खर्च? यंत्र दहा हजारांच्या पुढे आणि मोठ्या मोटरचे तीस हजारांच्याही वर. प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि सिंक बदलले तर सुतार, यांची मजुरी वेगळी. विजेचे बिल मात्र चिंतेचे नाही. रोज एक-दोन मिनिटे चालवले तर वर्षाकाठी काही युनिटच जळतात.

मराठी स्वयंपाकघरातले काय चालते, काय अडते?

यंत्रासोबतची माहितीपुस्तिका सॅलड आणि पिझ्झाच्या कडा गृहीत धरून लिहिलेली असते. आपल्या ताटात उरते ते वेगळे.

शिळी पोळी, भाजीचे उरलेले, फळांच्या मऊ साली, काकडी-टोमॅटोचे तुकडे, चहाचा चोथा हे थोडे थोडे टाकले तर चालते. भात आणि साबुदाणा मात्र फसवे. दळले जातात झटकन, पण त्यांचा चिकट लगदा पाणी कमी पडले की नळीच्या वळणावर बसतो आणि फुगतो. धागेदार पदार्थ हा सगळ्यात मोठा शत्रू. शेवग्याच्या शेंगेचा चोथा, मक्याच्या कणसाची पाने, केळफुलाच्या पाकळ्या, फणसाच्या चारख्या, उसाचे चिपाड यांचे धागे तबकडीभोवती गुंडाळले जातात आणि मोटर जाम होते. कांद्याच्या पातळ पापुद्र्याही दळल्या न जाता सटकतात आणि पुढे जाळे तयार करतात. नारळाची करवंटी आणि शेंडी, आंब्याची कोय, मटणाची मोठी हाडे यांना यंत्राजवळ आणूच नये. मासळीचे बारीक काटे बहुतेक यंत्रे दळतात, खेकड्याचे कवच मात्र मॉडेलनुसार. म्हणजे कोकणी किंवा आगरी घरात रविवारी निघणाऱ्या ओल्या कचऱ्याचा मोठा भाग तरीही डब्यातच जाणार.

तेल-तुपाबद्दल गैरसमज जास्त आहेत. तळणीचे उरलेले तेल गरम पाण्याबरोबर सोडले की वाहून जाते, असे दिसते. ते पुढच्या थंड नळीत जाऊन थिजते आणि त्यावर अन्नाचा चुरा चिकटत जातो. म्हणूनच हे यंत्र चालवताना पाणी थंडच हवे. स्निग्ध पदार्थ घट्ट राहतात, चुऱ्याबरोबर दळले जातात आणि नळीला लेप बसत नाही. यंत्र सुरू करण्याआधी पाणी सोडायचे आणि दळण्याचा आवाज थांबल्यावरही पंधरा-वीस सेकंद चालू ठेवायचे, ही सवय सगळ्यात महत्त्वाची.

इथे पाण्याचा हिशेब येतो. नळ मिनिटाला सहा लिटर सोडतो आणि यंत्र रोज दोन मिनिटे चालते असे धरले, तर एका घरात दिवसाला १२ लिटर पाणी लागते. एका घरापुरते हे काहीच नाही. पन्नास घरांच्या सोसायटीत ते रोज ६०० लिटर होते. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या पाणीपुरवठ्याच्या वेळा सांभाळत जगणाऱ्या आणि मे महिन्यात टँकर मागवणाऱ्या सोसायटीने हा आकडा विचारात घ्यायला हवा.

दळलेले जाते कुठे?

पहिला टप्पा इमारतीचा स्वतःचा पाइप. एका उभ्या रांगेतल्या सगळ्या स्वयंपाकघरांचे सांडपाणी सहसा एकाच उभ्या नळीत उतरते. ती नळी अन्नाचा चुरा वाहून नेण्यासाठी नव्हे, भांडी धुतलेल्या पाण्यासाठी टाकलेली असते. खालच्या चेंबरजवळच्या वळणावर ती तुंबली, तर पाचव्या मजल्यावर दळलेला भात पहिल्या मजल्याच्या सिंकमधून वर येतो. ज्याने यंत्र बसवले त्याला त्रास होत नाही, तळमजल्यावरच्याला होतो. म्हणून हा केवळ स्वतःच्या सदनिकेचा प्रश्न नाही. सोसायटीच्या कमिटीला लेखी कळवून परवानगी घेणे शहाणपणाचे आहे, नाहीतर चेंबर उपसण्याच्या बिलावरून वार्षिक सभा गाजते.

दुसरा टप्पा इमारतीच्या बाहेरचा आणि बदलापुरात खरी मेख इथे आहे. कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीत भुयारी गटार योजना झाली आहे, पण सगळ्याच इमारती तिच्या जाळ्यात नाहीत. अनेक जुन्या इमारती आणि चाळी सेप्टिक टाकीवर चालतात. सेप्टिक टाकीत जड पदार्थ तळाला बसतात, स्निग्ध पदार्थ वर साय धरतात आणि मधले पाणी पुढे जाते. तळाचा गाळ जिवाणू हळूहळू पचवतात. रोज किलो-अर्धा किलो दळलेले अन्न प्रत्येक घरातून आले तर जिवाणूंना ते पचत नाही, गाळ आणि साय दोन्ही वेगाने वाढतात आणि टाकी लवकर भरते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनेही सेप्टिक टाकी असलेल्या घरांना हे यंत्र टाळण्याचा किंवा अगदी कमी वापरण्याचा सल्ला दिला आहे.

टाकी लवकर भरली म्हणजे उपसणारी गाडी लवकर बोलवावी लागते, एवढेच नाही. गाडीची नळी जिथे पोहोचत नाही तिथे आजही माणसाला टाकीत उतरवले जाते. टाकीतल्या विषारी वायूने राज्यात सफाई कामगारांचे जीव गेले आहेत. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला सेप्टिक टाकीत उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, पण टाकी तुंबलेली असते आणि घाई असते तेव्हा ती बंदी आठवत नाही.

तिसरा टप्पा नदी. जे सांडपाणी प्रक्रिया न होता नाल्याला जाते ते उल्हास नदीला मिळते. उल्हास कर्जत, नेरळवरून बदलापुरात येते, पुढे जांभूळजवळ तिला बारवी मिळते आणि मग ती कल्याणकडे जाते. बदलापूरचे पिण्याचे पाणी शहरातल्या बॅरेजवरून उचलले जाते. खालच्या शहरांचे पाणी मात्र बदलापूर ओलांडून आलेल्या याच प्रवाहातून घेतले जाते. मोहने बंधाऱ्याजवळ आणि रायत्याच्या पट्ट्यात दरवर्षी पसरणारी जलपर्णी हे पाण्यात मिसळलेल्या सांडपाण्याचेच लक्षण. उल्हासच्या प्रदूषणाचा प्रश्न ‘वनशक्ती’ या संस्थेने राष्ट्रीय हरित लवादापुढे नेला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यात कारखान्यांबरोबरच नागरी सांडपाण्याकडेही बोट होते. अन्नाचा चुरा विषारी नसतो, हे खरे. पण तो पाण्यात कुजताना पाण्यातला प्राणवायू खातो आणि माशांना तो उरत नाही.

पावसाळ्याचा मुद्दा वेगळाच. नदी फुगली की हेंद्रेपाडा, वालिवलीसारख्या काठावरच्या भागांत पाणी शिरते आणि गटारे उलटी वाहू लागतात. २६ जुलै २००५ आणि जुलै २०१९ चा पूर ज्यांनी पाहिला, त्यांना चेंबरमधून काय काय वर येते, हे सांगायची गरज नाही.

मोठ्या संकुलांत स्वतःचे सांडपाणी प्रक्रिया केंद्र असते, तिथे तरी चालेल ना? लगेच हो म्हणता येत नाही. अशा केंद्राची क्षमता नेहमीच्या घरगुती सांडपाण्यावरून ठरवलेली असते. प्रत्येक स्वयंपाकघरातून अन्नाचा लगदा येऊ लागला तर हवा भरणारे ब्लोअर जास्त चालवावे लागतात, गाळ वाढतो आणि बागेला सोडलेल्या पाण्याला वास येऊ लागतो. केंद्र चालवणाऱ्या कंत्राटदाराला आधी विचारल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

नियम काय सांगतात?

घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी घरातच ओला, सुका आणि घरगुती घातक असे वर्गीकरण करण्याची जबाबदारी नागरिकांवर टाकली. पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या संकुलांनी ओल्या कचऱ्यावर शक्य तितकी प्रक्रिया आवारातच करावी, असेही त्यांत होते. कचरा रस्त्यावर, गटारात किंवा पाण्याच्या साठ्यात टाकू नये, हेही तिथेच लिहिले होते. हे शब्द गटारात पिशवी भिरकावणाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहेत. पण सिंकमधून दळून सोडलेला कचराही शेवटी गटारातच जातो. ‘आम्ही ओला कचरा देतच नाही’ म्हणणारे घर नियम पाळते आहे की त्यातून पळवाट काढते आहे, यावर वाद घालता येईल.

मग ओल्या कचऱ्याचे करायचे काय?

दळण्याची कल्पना मुळात वाईट नाही. भाभा अणुसंशोधन केंद्रातील डॉ. शरद काळे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘निसर्गऋण’ प्रकल्पांत ओला कचरा आधी दळलाच जातो. पण तो लगदा गटारात न जाता बायोगॅसच्या टाकीत जातो. बदलापूरहून दिसणाऱ्या डोंगररांगेवरच्या माथेरानमध्ये असा प्रकल्प उभारला गेला. पुण्यातील ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी घरगुती खरकट्यावर चालणारे छोटे बायोगॅस संयंत्र विकसित केले. त्याला २००६ मध्ये ब्रिटनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. गच्ची किंवा अंगण असलेल्या घराला ते शोभते, वन बीएचकेला नाही.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी खतपेटी हा कमी खर्चाचा मार्ग आहे. नारळाच्या शेंड्यांचा भुसा, थोडे ताक किंवा जुने खत आणि रोजचा चिरलेला ओला कचरा यांचे थर द्यायचे. पाणी जास्त झाले तर वास येतो, भुसा टाकला की जातो. मात्र वेळ लागतो, आणि नेमका तोच या शहरात नाही. सोसायटीने सामायिक खतयंत्र घेतले तर प्रत्येकाच्या वाटणीचे पैसे एका चांगल्या डिस्पोजरपेक्षा कमी पडतात. सफाई कामगाराला ते चालवण्याचे वेगळे पैसे द्यावेत, फुकटचे काम म्हणून त्याच्या गळ्यात मारू नये. अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर यांच्या सामायिक घनकचरा प्रकल्पासाठी वालिवलीच्या जागेची वर्षानुवर्षे चर्चा होत आली. त्या आसपास राहणाऱ्यांना ओला कचरा एकाच ठिकाणी साठत गेला की काय होते, हे धुरावरून आणि वासावरून पुरते ठाऊक आहे.

तरीही बसवायचेच ठरवले असेल तर?

आधी प्लंबरला नव्हे, सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारावे : आपले सांडपाणी सेप्टिक टाकीत जाते, नगरपरिषदेच्या भुयारी गटाराला जोडलेले आहे की आपल्याच केंद्रात जाते? सेप्टिक टाकी असेल तर विचार सोडून द्यावा. घरात आजी-आजोबांची पथ्ये, लहान मुले असतील आणि ओला कचरा कमी प्रमाणात निघत असेल, इमारत भुयारी गटाराला जोडलेली असेल, तर यंत्राचा उपयोग होऊ शकतो. पण तेही ताट-वाट्यांतले उरलेले खरकटे घालवण्यापुरते. भाजी निवडल्यावरची साले आणि देठ डब्यातच टाकावेत.

यंत्र चालू असताना आत हात घालू नये, चमचा पडला तर आधी प्लग काढावा, मग चिमट्याने काढावा. यंत्र गुणगुणते पण फिरत नसेल तर तबकडी अडकलेली असते. वीज बंद करून, तळाच्या मध्यभागी असलेल्या भोकात यंत्रासोबत आलेली सहाकोनी चावी घालून दोन्ही दिशांना फिरवली की ती सहसा मोकळी होते. त्यानंतर तळाशीच असलेले लाल बटण दाबायचे. अनेकदा एवढ्यावर काम होते आणि दुरुस्तीवाल्याची फेरी वाचते. ही चावी नेमकी सिंकखालच्या पसाऱ्यात हरवते, म्हणून ती दोरीने यंत्रालाच बांधून ठेवावी.